चौदा वाहिन्यांची पायवाट

मुलांनो, आधी जरा ताठ बसा आणि डोळे मिटा. आता कल्पना करा, की तुमच्या अंगात नद्या आहेत. रक्ताच्या नव्हेत, त्या विज्ञानाच्या पुस्तकात असतात, लाल आणि निळ्या. या नद्या दिसत नाहीत. एक छातीतून निघते आणि हाताच्या अंगठ्यापाशी संपते. एक डोळ्याखालून निघते, गालावरून, पोटावरून, मांडीवरून खाली येते आणि पायाच्या दुसऱ्या बोटाशी थांबते. एक तर डोळ्याच्या कोपऱ्यातून कपाळावर चढते, डोकं ओलांडते आणि सगळी पाठ उतरून पायाच्या करंगळीला टेकते. चीनमधल्या जुन्या वैद्यांनी अशा बारा मुख्य वाहिन्या मानल्या. अंगाच्या मधोमध पुढून एक आणि मागून एक, अशा दोन धरल्या की झाल्या चौदा. इंग्रजीत त्यांना मेरिडियन म्हणतात. त्यांतून वाहते ती ‘ची’, म्हणजे जिवंतपणाची चाल म्हणा. नदीवर जसे घाट, तसे वाहिनीवर बिंदू. तिथे बारीक सुई टोचतात, नाहीतर बोटाने दाबतात, म्हणजे तुंबलेलं वाहतं होतं, असं ते वैद्य सांगत. आजचे डॉक्टर म्हणतात, माणूस उघडून पाहिला तर या नद्या सापडत नाहीत. दोन्ही लक्षात ठेवा.

उघडा आता डोळे. पोटात खरंच काही वाहिल्यासारखं वाटलं असेल, तर ती भूक आहे. तिचं नंतर बघू.

या नद्या एकदा कोंडिरामआबांच्या डोक्यात शिरल्या. मीरा रोडला पूनम सागरच्या बाजूला समाधान नावाची एक जुनी सोसायटी आहे, चार मजल्यांची, बिनलिफ्टची. तिच्या तिसऱ्या मजल्यावर कोंडिराम खिल्लारे राहतात. मूळचे हिंगोलीकडचे. सरकारी खात्यात आरेखक होते. आरेखक म्हणजे नकाशे काढणारा माणूस. गावोगावच्या पाणीयोजनांचे नकाशे त्यांनी काढले. कुठे विहीर, कुठे टाकी, कुठून नळ. त्यांच्या रेषेला कधी कुणी नाव ठेवलं नाही. माणूस शांत, पण नकाशाच्या बाबतीत हट्टी. जे नकाशात आहे ते आहे, जे नकाशात नाही ते जमिनीवर दिसलं तरी त्याला ते फारसा मान देत नसत.

घरात मुलगा धम्मदीप, सून संचिता, चौथीतली नात स्नेहल आणि सरोजाआजी. गोष्ट खरी सरोजाआजींच्या गुडघ्यांची आहे.

होळीनंतर सरोजाआजी जिना उतरल्या नव्हत्या. उतरताना गुडघ्यात अशी कळ निघायची, की दुसऱ्या मजल्यावरच कठड्याला धरून बसावं लागे. होळीच्या आधीच हाडांच्या डॉक्टरांनी फोटो काढून पाहिला होता, काही व्यायाम दाखवले, वजन कमी करा म्हणाले, आणि पुढेमागे गरज पडली तर ऑपरेशनचा विचार करू, असंही म्हणाले. एवढ्या लांबलचक वाक्यातला आबांनी एकच शब्द ऐकला, ऑपरेशन. व्यायाम आजींनी दोन दिवस केले आणि सोडले. “गादीवर पडून हवेत पाय हलवायचे? घरात सून आहे, लहान लेकरू आहे. काय म्हणतील?”

उन्हाळा कसाबसा गेला. पण आषाढी पौर्णिमेला वर्षावास सुरू झाला. पावसाळ्याचे ते तीन महिने विहारात रोज ग्रंथवाचन चालतं. खारी गावाच्या कडेला जे विहार आहे, तिथे शेवटच्या दिवसाचं, अश्विन पौर्णिमेचं वाचन दरवर्षी सरोजाआजींचं असे. लग्नानंतर घरात चुलीपुढे बसून त्या वाचायला शिकल्या होत्या, आणि त्यांचा आवाज असा स्वच्छ, की मागच्या बायकांची कुजबुज आपोआप थांबायची. यंदा विहारातल्या दोघीजणी घरी येऊन हळूच म्हणाल्या, “ताई, तुमची ओढाताण नको. यंदा दुसरं कुणी वाचलं तर?”

“वाचू द्या की,” आजी म्हणाल्या. “ग्रंथ काही माझ्या माहेरचा नाही.”

त्या रात्रीच्या आमटीत मीठ नव्हतं. सगळ्यांनी ती तशीच खाल्ली.

धम्मदीपने दुसऱ्या दिवशी उपाय काढला. “आई, चौघं मिळून तुला खुर्चीत बसवून खाली नेतो. त्यात काय एवढं?”

“चौघांनी उचलून न्यायची वेळ एकदाच येते बाळा,” आजी म्हणाल्या. “ती आल्यावर खुशाल न्या. तेव्हा मी नाही म्हणायची नाही.”

धम्मदीप कामावर गेला. आबा मात्र दिवसभर खिडकीशी बसून होते. अश्विन पौर्णिमेला सरोजाने आपल्या पायांनी विहारात जायचं, हे त्यांनी मनाशी ठरवलं. कसं, ते ठरलं नव्हतं.

ते ठरलं एका आरोग्य मेळाव्यात. आबा तिथे फुकट रक्तदाब तपासायला गेले होते. मंडपात माणसाच्या उंचीचा एक तक्ता टांगलेला होता. त्यावर एक टक्कल पडलेला चिनी गृहस्थ उघड्या अंगाने उभा, आणि त्याच्या अंगावरून रंगीत रेषा गेलेल्या. दुसरा कुणी असता तर पुढे गेला असता. पण आबा आरेखक. इतक्या बारीक रेषा, प्रत्येक वळणाला खूण, प्रत्येक खुणेला क्रमांक! त्यांना तो माणूस दिसलाच नाही, त्यांना पाणीयोजना दिसली. इथे उगम, इथे झडप, इथे तुंबलंय. रक्तदाब न तपासता ते तसाच एक तक्ता विकत घेऊन घरी आले.

पहिला प्रयोग अर्थातच घरात झाला. आबांनी पेन्सिलीचा मागचा बोथट भाग घेतला, तक्ता भिंतीला लावला आणि गुडघ्याखालचा एक बिंदू मोजून दाबला. सरोजाआजींनी पाय असा झटकला, की पेन्सिल संचिताच्या पोह्यांत पडली.

“अहो, गुडघा माझा आहे! काय कागद आहे का, टोचे मारायला?”

“सरोजा, वाहिनी तुंबली आहे.”

“आधी मोरी तुंबली आहे, ती बघा. चार दिवस सांगतीये.”

आबांनी मोरी साफ केली. मानी माणसाला अशा वेळी काम केलेलं बरं पडतं. मोरी साफ करता करताच त्यांना बागेतली ती वाट आठवली. तुम्हीही पाहिली असेल. सिमेंटमध्ये गोटे बसवलेले असतात, आणि लोक चपला हातात घेऊन, तोंड वाकडं करून, त्यावरून गोलगोल चालतात. ॲक्युप्रेशरची पायवाट. सरोजा पेन्सिल लावू देत नाही ना? मग जमिनीलाच पेन्सिल करायचं. सोसायटीच्या आवारात तशी वाट बांधायची. पण बागेतल्यासारखी आंधळी नाही. चौदा वाहिन्यांचे चौदा भाग, प्रत्येक भागात वेगळ्या आकाराचे गोटे, सगळं तक्त्याबरहुकूम.

आता लक्ष देऊन ऐका, कारण इथून पुढे आबांचा प्रकल्प आबांचा राहिला नाही.

सोसायटीची सभा भरली. सचिव रोशन मेंडोन्सा म्हणजे तिशीतला सभ्य तरुण. दुसऱ्या कुणी जबाबदारी घेतली की त्याचा कशालाच विरोध नसे. तो एवढंच म्हणाला, “अंकल, दो बाईक की पार्किंग जाएगी. बाकी मेरा कुछ नहीं.”

दुसऱ्या मजल्यावरचे चंदनभाई फरसाणाच्या दुकानाचे मालक. ते उठून उभे राहिले आणि कौतुकाने म्हणाले, “बहुत सारी वात छे, कोंडिरामभाई. भाभी के लिए हम सब साथ में है. पण मने एक बात बताओ, ॲसिडिटी का पत्थर किधर आएगा?”

“तळमजल्याला पित्ताचं बसवा आधी,” शेवंतीबाई म्हणाल्या. त्या रत्नागिरीच्या, तळमजल्यावर एकट्या राहत. “चंदनभाईंची ॲसिडिटी त्यांच्याच शेवगाठ्यांनी झालीये. माझं पित्त खानदानी आहे.”

मग ज्याला त्याला आपला अवयव आपल्या दाराजवळ हवा झाला. पित्ताशय कचऱ्याच्या डब्याशेजारी आलं म्हणून शेवंतीबाई रुसल्या. हृदय पार्किंगला लागून नको, गाडी मागे घेताना कुणी धडकेल, असं एका आजोबांचं म्हणणं पडलं. केस गळतात त्याची वाहिनी कोणती, हे तर तिघांनी वेगवेगळं येऊन, आवाज खाली करून विचारलं. आबा रोज नकाशा खोडत आणि रोज नवा काढत. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना गिऱ्हाईक भेटलं होतं.

मूत्रपिंडाच्या वाहिनीवरून तर भांडणच पेटलं. ती पाण्याची वाहिनी मानतात. चंदनभाईंनी वास्तूवाल्या मेव्हण्याला फोन लावून सांगितलं, “पाणी मतलब ईशान कोपरा. दूसरी जगह डालोगे तो बिल्डिंग का नुकसान.”

“मी वास्तुबिस्तू मानत नाही,” आबा म्हणाले.

“तमे नहीं मानते, बिल्डिंग तो मानती है ना!”

आबांना विहाराची तारीख दिसत होती. वाद मिटावा म्हणून त्यांनी मूत्रपिंड ईशान्य कोपऱ्यात हलवलं. शहाणा माणूस तडजोड करतो ती अशीच, कंटाळून. आणि कंटाळून केलेली तडजोड पुढे कशी अंगावर येते, ते बघा.

मध्यंतरी परवानगीचा प्रश्न आला. कचेरीतले गृहस्थ मोठे नम्र होते. त्यांनी आबांना पाणी दिलं, खुर्ची दिली, आणि विचारलं, “हे बांधकाम आहे का?”

“जमिनीलगत गोटे बसवायचेत.”

“मग बाग आहे. बागेचं टेबल पलीकडे.”

बागेच्या टेबलावर विचारलं, “झाडं किती?”

“झाडं नाहीत. वाहिन्या आहेत.”

“पाण्याच्या?”

“माणसाच्या.”

“मग आरोग्याचं टेबल.”

आरोग्याच्या टेबलावरच्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. “दवाखाना काढताय का आजोबा? डॉक्टर कोण?” आबांनी नकाशा उलगडून दाखवला. बाई बराच वेळ बघत राहिल्या, आणि शेवटी म्हणाल्या, “माझा खांदा फार दुखतो हो. यात कुठे येईल तो?” आबांनी खांदा समजावून सांगितला. बाईंनी मग कुणाला तरी विचारून कळवलं, की आपल्याच आवारात गोटे बसवायला कुणाला विचारावं लागत नाही. आबांना हे ऐकून थोडं वाईटच वाटलं. एवढ्या मोठ्या कामाला परवानगीसुद्धा लागू नये?

काम सुरू झालं. गोटे आले, गवंडी आला. ईशान्य कोपऱ्यात जुना मंडपाचा लाकूडफाटा पडला होता, तो उचलल्यावर खाली एक गंजलेलं लोखंडी झाकण निघालं.

रोशन म्हणाला, “अंकल, ये ढक्कन किस चीज का है?”

आबांनी सोसायटीचा मंजूर नकाशा काढला. “पाण्याची टाकी इमारतीच्या मागे आहे. बघ, इथे. हे जुनं गटार असेल.”

“पक्का? रामू को पूछ लेते.” रामू म्हणजे सोसायटीचा जुना वॉचमन. तो गावी गेला होता आणि त्याचा फोन लागत नव्हता.

“रोशन, मी आयुष्यभर पाण्याचेच नकाशे काढलेत.”

जबाबदारी घेतली गेली. रोशनचं समाधान झालं. समाधान सोसायटीत कुणाच्या मुलीला किती टक्के पडले, कुणाकडे रात्री पाहुणे आले, हे सगळ्यांना ठाऊक असे, पण आपली टाकी कुठे आहे हे एकालाही माहीत नव्हतं. नळ सोडला की पाणी येतं, मग टाकीची चौकशी कोण करतो? झाकणावर सिमेंट पडलं. सिमेंटमध्ये गुळगुळीत काळे गोटे बसले.

वाट सुकत असताना तिच्यावरून पहिली कोण चालली असेल? खारीच्या सरूबाई. त्या मासळीची पाटी घेऊन आवारात येत. त्या डोक्यावर पाटी, अनवाणी, चौदाच्या चौदा वाहिन्या तुडवत शेवंतीबाईंच्या दारापर्यंत गेल्या.

“सरूबाई, काही वाटलं का?” आबांनी आशेने विचारलं.

“काय वाटाचा हाय?” सरूबाई म्हणाल्या. “आमचे गावान सगला रस्ताच असा हाय. त्याचं कोन उद्घाटन करीत न्हाय.”

उद्घाटनाचा विचार आबांना त्यामुळेच सुचला. अश्विन पौर्णिमेच्या दिवशी सकाळी उद्घाटन, वाटेवर पहिलं पाऊल सरोजाचं, आणि तिथूनच ती विहारात जाणार. पाहुणा म्हणून खरा जाणकार हवा. भाईंदर पश्चिमेला, मोरव्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, आत्माराम वैद्य नावाचे एक वयस्क ॲक्युपंक्चरवाले आहेत असं कळलं. आबा स्नेहलला घेऊन नकाशासकट तिथे गेले.

वैद्यबुवांनी नकाशा दोन्ही हातांनी धरला. रेषांचं मनापासून कौतुक केलं. मग म्हणाले, “खिल्लारेसाहेब, एक सांगू? रागावू नका.”

“सांगा की.”

“या चौदा वाहिन्यांवर साडेतीनशेच्या वर बिंदू आहेत. त्यातला तळपायावर एकच आहे.”

आबांनी ऐकलं, पण कान तयार नव्हते. “एकच म्हणजे?”

“एकच. मूत्रपिंडाच्या वाहिनीचा. बोटं आत वळवली की पुढच्या भागात खळगा पडतो ना, तिथे. त्याचं नाव उसळता झरा. बाकीच्या वाहिन्या पायावर येतात, बोटांपाशी सुरू होतात, संपतात, पण तळव्यावर उतरत नाहीत. तळव्यावर सगळे अवयव दाखवतात ती पद्धत वेगळी, तिचा तक्ता वेगळा. तुम्ही दोन गावांचे नकाशे एकावर एक ठेवलेत.”

मुलांनो, आरेखकाला याहून कठीण वाक्य कुणी ऐकवू शकत नाही. आबांनी नकाशा गुंडाळायला घेतला, पण गुंडाळी नीट होईना, आणि आमंत्रणाचा विषय राहूनच गेला.

स्नेहल मात्र भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत होती. “मग गुडघ्याचं कुठे आहे?”

वैद्यबुवांना शिकणारं माणूस मिळालं. त्यांनी तिलाच स्टुलावर बसवलं. “गुडघा वाकव. वाटीच्या खाली दोन्ही बाजूंना खळी पडली? वासराच्या नाकासारखी दिसते की नाही? बाहेरच्या खळीचं नावच आहे, वासराचं नाक. आता तिथून खाली चार बोटं मोज, बाहेरच्या अंगाला. हा. याला म्हणतात पायाचे तीन कोस. जुने लोक सांगत, चालून दमलेल्याने हा दाबला की आणखी तीन कोस चालतो.”

“खरंच चालतो?”

“कुणी चालतो, कुणी नाही. सुजेला, झिजेला मी आधी हाडांच्या डॉक्टरांकडे पाठवतो, आणि त्यांनी सांगितलेले व्यायाम करायलाच लावतो. आजी करतात ना?”

“लाज वाटते तिला,” स्नेहल म्हणाली.

वैद्यबुवा हसले नाहीत. “आणि एक. चार बोटं मोजायची ती तुझी नाहीत, माझी नाहीत. ज्याचा पाय त्याचीच बोटं. या विद्येत दुसऱ्याच्या मापाने मोजलेलं चालत नाही.”

परतताना आबा रिक्षात एकदाच बोलले. “घरी सांगू नकोस.” स्नेहलने मान हलवली. उद्घाटन रद्द कसं करायचं? चंदनभाईंनी फाफडा सांगून ठेवला होता.

पौर्णिमेच्या सकाळी सगळी सोसायटी खाली जमली. वाटेच्या तोंडाशी निळी फीत बांधली होती. आबा पांढऱ्या सदऱ्यात, हातात कात्री. विहारातल्या त्या दोघीजणीही आल्या होत्या. “दोन शब्द बोलतो,” असं रोशनने सहा वेळा सांगितलं. मग आबांनी मान वर केली आणि तिसऱ्या मजल्याकडे बघून हाक मारली, “सरोजा! ये खाली!”

आवारातल्या सगळ्यांच्या माना वर गेल्या. प्रत्येकाच्या मनात एकच गोष्ट त्याच वेळी आली. सभा झाली, कचेरी झाली, भांडणं झाली, गोटे बसले, आणि इतक्या दिवसांत हे कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं.

खिडकीत सरोजाआजी उभ्या होत्या. पौर्णिमेची पांढरी साडी नेसलेल्या. त्यांनी वरूनच सांगितलं, “अहो, खाली येता आलं असतं, तर वाट कशाला बांधावी लागली असती?”

शेवंतीबाईंना पहिलं हसू आलं. मग चंदनभाईंना. मग ते सगळीकडे पसरलं. आबा कात्री धरून तसेच उभे. ते खाली गोट्यांकडे बघत होते, एखाद्याने आपली चूक मोजावी तसे.

सरोजाआजींनी ते वरून पाहिलं. या माणसाला त्यांनी खोडरबर झाडताना पाहिलं होतं, मुलाच्या फीसाठी जास्तीचं काम करताना पाहिलं होतं. हसणाऱ्या लोकांमध्ये असं उभं राहिलेलं कधी पाहिलं नव्हतं. त्या खिडकीतून आत वळल्या आणि घरात थांबलेल्या मुलाला म्हणाल्या, “धम्मदीप, खुर्ची आण.”

“आई, तूच म्हणाली होतीस…”

“म्हणाले होते. आण आता.”

चौघांनी प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून सरोजाआजींना खाली आणलं. त्यांनी दोन्ही हातांनी खुर्चीचे हात घट्ट धरले होते आणि नजर सरळ समोर ठेवली होती. कुणी हसलं नाही. चंदनभाई पुढे होऊन जिन्यातल्या चपला बाजूला करत होते. खुर्ची वाटेच्या तोंडाशी ठेवली. आजी म्हणाल्या, “कापा फीत. मी आले.”

आबांनी फीत कापली. सरोजाआजींनी उजवा पाय चपलेतून काढला आणि पुढे केला.

त्याच वेळी फाटकाबाहेर भोंगा वाजला. पाइपलाइनच्या दुरुस्तीसाठी दोन दिवस पाणी बंद होतं, टाकी कोरडी पडली होती, आणि रोशनने टँकर मागवला होता. टँकरवाला उतरला, पाइप खांद्यावर घेतला. “ढक्कन किधर है?”

“पीछे होगा,” रोशन म्हणाला.

टँकरवाला मागे जाऊन आला. “पीछे तो दीवार है, भाई.”

याच घडीला रामू गावाहून परतला, पिशव्या हातात घेऊन. त्याने टँकर पाहिला, गर्दी पाहिली, ईशान्य कोपरा पाहिला आणि पिशव्या खाली ठेवल्या. “टाकी पे पत्थर किसने लगाया?”

मंजूर नकाशात टाकी मागे होती. पण बिल्डरनेही वास्तू पाहिली होती. पाणी म्हणजे ईशान्य. बिल्डर आणि चंदनभाईंचा मेव्हणा यांचं एकमेकांना न भेटता एकमत झालं होतं.

“पानी उतरवाओ नहीं तो मैं चला,” टँकरवाला म्हणाला. “तीन सोसायटी और है.”

सगळ्यांनी आबांकडे पाहिलं. दोन दिवसांची भांडी प्रत्येक घरात पडली होती. आबांनी कात्री खिशात ठेवली, गवंड्याला फोन लावला, आणि तो येईपर्यंत थांबले नाहीत. रामूच्या खोलीतून पहार आणवली आणि पहिला घाव त्यांनी स्वतः घातला. नेमका मूत्रपिंडावर. काळे गोटे उडाले. अख्ख्या वाटेत शास्त्राला धरून असलेली तेवढीच एक जागा होती, हे तिथे आबा आणि स्नेहल या दोघांनाच माहीत होतं, आणि दोघंही बोलली नाहीत. झाकण निघालं, पाइप आत गेला, आणि पाणी धबाधबा उतरू लागलं.

लोक बादल्या आणायला पांगले. फाफडा तसाच राहिला. आबा घामाने भिजून वाटेच्या कडेला बसले. त्यांचा सदरा सिमेंटने माखला होता. सरोजाआजी खुर्चीत होत्या, उजवा पाय अजून अनवाणी.

“मी तुझ्यासाठी काहीच नीट केलं नाही, सरोजा,” आबा म्हणाले.

आजी आवाराकडे बघत होत्या. ऊन पायांवर आलं होतं. शेवंतीबाईंनी दारात नवी तुळस लावली होती, चंदनभाईंची नात चालायला लागली होती, फाटकाला नवा रंग दिला होता. होळीपासून त्यांनी हे सगळं फक्त वरून पाहिलं होतं.

“फाटकाचा रंग चांगला आहे,” त्या म्हणाल्या. “वरून काळा दिसायचा.”

चौघेजण परत आले. धम्मदीप म्हणाला, “आई, चल, वर नेतो. इथे चिखल होतोय.” त्यांनी खुर्चीला हात घातला. विहारातल्या दोघी एकमेकींकडे बघत उभ्या होत्या. वाचनाची वेळ होत आली होती. आजींनी दुसरा पायही जमिनीवर टेकला आणि दाबून ठेवला.

ते स्नेहलने पाहिलं. ती खुर्चीपुढे येऊन बसली. तिने आजीचाच हात घेतला, आजीचीच चार बोटं आडवी करून वासराच्या नाकाखाली ठेवली, आणि शेवटच्या बोटाच्या खाली आपला अंगठा दाबला.

“दुखतंय?”

“दुखतंय,” आजी म्हणाल्या. “पण दाब.”

तिने थोडा वेळ दाबलं. मग उठली. चौघांना म्हणाली, “खुर्ची उचलू नका. आजी आत्ता खाली आहे.” आणि कुणी काही विचारायच्या आत ती फाटकाबाहेर धावत गेली, टँकरच्या पलीकडे रस्त्याच्या कडेला उभी राहिली, आणि दोन्ही हात उंच करून खारीकडे जाणारी पहिली रिक्षा तिने थांबवली.